एका पॅटर्नवरून जंगल होत नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपच्या ऑफिसात खिडकीला आंब्याच्या फांदीचा हातभर तुकडा टांगलेला आहे. त्याला करड्या, जाड मुळांनी धरून बसलेलं एक रोप. मालकांनी ते दोन पावसाळ्यांपूर्वी गगनबावड्याच्या रस्त्यावरून आणलं. पहिल्या वर्षी फुललं, यंदा पानं सुरकुतली आहेत. मी त्याकडे बघतोय हे पाहून चहा घेऊन आलेले मामा म्हणाले, "बांडगूळ हाय वो साहेब ते. झाड खातंय." मालक हसले. "बांडगूळ नव्हे मामा, ऑर्किड आहे. आणि गेलं तरी काय बिघडतंय? आता टिश्यू कल्चरनं लाखानं करत्यात. नर्सरीत पाहिजे तेवढी मिळत्यात."

दोघंही मनापासून बोलत होते, आणि दोघांचंही बोलणं मला नवं नव्हतं. आमरी, म्हणजे ऑर्किड, हा विषय निघाला की हीच दोन-चार वाक्यं सगळीकडे ऐकू येतात, सुशिक्षितांच्या तोंडूनही. शिरोलीत मात्र ती ऐकताना एक बरं वाटलं. ओतकामाच्या या गावाला पॅटर्न म्हणजे काय आणि कास्टिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आमरीच्या संवर्धनातली सगळ्यात मोठी गफलत नेमकी त्याच ठिकाणी आहे. तिथपर्यंत जाण्याआधी मामांचं उत्तर द्यायला हवं.

गैरसमज : आमरी म्हणजे बांडगूळ, ती झाडाचा रस पिते.

खरं बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपलं शोषकमूळ खुपसतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढून घेतं. फांदी त्या गाठीपुढे वाळत जाते. आमरी तसं काही करत नाही. तिची मुळं सालीला फक्त धरून बसतात. त्या मुळांवर स्पंजासारखं पांढुरकं आवरण असतं. पाऊस, धुकं, खोडावरून ओघळणारं पाणी ते टिपून घेतं. मूळ भिजलं की हिरवं दिसतं, कारण आत हरितद्रव्य असतं. आपलं अन्न ती स्वतः करते. झाड तिच्यासाठी माळ्यावरची जागा आहे, एवढंच.

हा घोळ फार जुना आहे. 'वँडा' हे आमरीच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव संस्कृतातल्या 'वन्दा' शब्दावरून घेतलेलं आहे, आणि वन्दा म्हणजे झाडावर वाढणारं बांडगूळ. आपल्याकडच्या भाषेतून गैरसमज थेट वनस्पतिशास्त्राच्या नावात जाऊन बसला. परिणाम मात्र आजचा आहे. आंब्याची बांडगुळं छाटताना कोयत्याच्या त्याच फटक्यात आमरीही खाली येते.

आणि सगळ्याच आमरी झाडावर राहत नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ मध्ये देशातल्या आमरींची यादी प्रसिद्ध केली, तीत १,२५६ जाती आहेत. त्यांतल्या सुमारे साडेसातशे झाडांवर वाढणाऱ्या. बाकीच्या बहुतेक जमिनीतल्या. श्रावणात कासच्या किंवा मसाईच्या पठारावर गवतातून पांढरे तुरे वर काढणाऱ्या हबेनारिया जमिनीतल्याच. औषधासाठी ज्याचे कंद खणले जातात तो अमरकंद हीसुद्धा आमरीच. या १,२५६ पैकी ३८८ जाती भारताबाहेर कुठेही सापडत नाहीत, आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश पश्चिम घाटातल्या आहेत. म्हणजे शिरोलीहून पश्चिमेला तासा-दोन तासांवर जे जंगल सुरू होतं, त्याच्यावर जगाच्या या ठेव्याचा एक हिस्सा अवलंबून आहे.

गैरसमज : एका शेंगेत लाखो बिया असतात, मग आमरी संपेल कशी?

शेंगेत लाखो बिया असू शकतात हे खरं आहे. सुकलेली शेंग फुटली की आतून पिवळसर धूळ उडते, तो प्रत्येक कण म्हणजे एक बी. एक ग्रॅम धुळीत लाखो बिया बसतात. पण ज्वारीच्या दाण्यात, हरभऱ्यात कोंबासाठी शिदोरी भरलेली असते तशी या बीमध्ये नसते. पातळ सालीत गुंडाळलेला काही पेशींचा गर्भ, बस. वाऱ्यावर दूर जाता यावं म्हणून त्यानं सगळं ओझं टाकलेलं आहे. शिदोरी वाटेत भेटेल या भरवशावर ते निघतं.

ती शिदोरी देते बुरशी. सालीच्या भेगेत किंवा मातीत ठरावीक प्रकारची सूक्ष्म बुरशी बीमध्ये शिरते, बी तिच्याकडून साखर आणि इतर अन्न घेतं, तेव्हाच कोंब धरतो. १८९९ मध्ये नोएल बर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला जंगलात एका आमरीची नुकतीच रुजलेली रोपं सापडली आणि प्रत्येकात बुरशी दिसली. तिथून हे कोडं सुटायला लागलं. त्याआधी युरोपातल्या श्रीमंतांनी काचघरं उभारून आमरी गोळा केल्या होत्या, पण बी रुजवायचं म्हटलं की माळी आईझाडाच्या कुंडीतच ते भुरभुरत आणि देवावर हवाला ठेवत. त्या कुंडीत बुरशी आधीपासून असायची, म्हणून कधीमधी एखादं रुजायचं. बर्नार छत्तिसाव्या वर्षी गेला. जर्मनीत हान्स बुर्गेफनं काम पुढे नेलं. बी रुजवायचं तर त्याच्यासोबत बुरशीही बाटलीत वाढवायची, ही त्या दोघांची वाट.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुइस नुडसननं वेगळा प्रश्न विचारला. बुरशी बीला शेवटी देते काय? साखर देत असेल, तर साखर आपणच का देऊ नये? १९२२ मध्ये त्यानं दाखवून दिलं की अगारच्या जेलीसारख्या थरावर क्षार आणि साखर घातली तर आमरीचं बी बुरशीशिवाय रुजतं. अट एकच, बाटलीत दुसरा कुठलाही जंतू नको. कारण साखरेवर पहिला हक्क तोच सांगतो, आणि दोन दिवसांत बाटलीत कापूस पिकतो.

आज जगातल्या नर्सऱ्यांमध्ये दिसणाऱ्या आमरी या एका विचाराच्या जिवावर उभ्या आहेत. प्रयोगशाळेत गेलात तर तो खाद्याचा थर बघायला मागा. क्षार, साखर आणि अगार तर असतातच. शिवाय कुणी शहाळ्याचं पाणी घालतं, कुणी पिकल्या केळ्याचा गर, कुणी उकडलेला बटाटा, कुणी कोळशाची बारीक पूड. बाटल्या १२१ अंशांवर वाफेच्या दाबात पंधरा-वीस मिनिटं शिजवतात. मग गाळलेल्या हवेच्या प्रवाहासमोर बसून, जंतुनाशकात धुतलेलं बी चिमट्यानं आत सोडतात. त्याहून सोपी युक्ती म्हणजे शेंग हिरवी, न फुटलेली असतानाच काढायची. वरून निर्जंतुक केली की आतलं बी आपोआप स्वच्छच असतं.

काही आठवड्यांत बी फुगून हिरवा, मोहरीएवढा गोळा होतो. त्याला अजून मूळ नाही, पान नाही. मग टोकाला एक पान येतं, खाली केसाळ मूळ. गर्दी झाली की दुसऱ्या बाटलीत बदली. बाटलीतून बाहेर यायला वर्षभर लागतं, आणि फुलायला त्यापुढे आणखी दोन, तीन, कधी पाच वर्षं. बाटलीतून काढताना मुळांवरचा अगार कोमट पाण्यानं पूर्ण धुवावा लागतो, नाहीतर त्यातल्या साखरेवर बुरशी चढून रोप कुजतं. पहिले काही आठवडे दमट हवा, सावली, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. बाटलीत शंभर टक्के दमटपणात वाढलेल्या पानाला स्वतःचं पाणी राखायची सवयच नसते. ती इथे लावायची. या टप्प्याला हार्डनिंग म्हणतात आणि सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात.

गैरसमज : टिश्यू कल्चरची, म्हणजे अशी बाटलीत वाढवलेली, रोपं जनुक बदललेली (जीएम) असतात.

नाही. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यानं टिश्यू कल्चरची जी-नाइन केळी लावलेली आहेत, टिश्यू कल्चरचं ऊसबेणं पाहिलेलं आहे. त्यात कुणी बाहेरचं जनुक घातलेलं नसतं. कांडीवरून ऊस लावतो तसंच ते आहे, फक्त कांडी डोळ्यांना दिसणार नाही एवढी लहान आणि शेत काचेचं. या विषयात महाराष्ट्र मागे कधीच नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुलं आणली गेली आणि तो शोधनिबंध १९९० मध्ये 'नेचर'मध्ये छापला गेला. जो बांबू जंगलात फुलायला कित्येक दशकं घेतो, तो बाटलीत काही महिन्यांत फुलला होता.

गैरसमज : टिश्यू कल्चरनं लाखो रोपं होतात, म्हणजे जात वाचली.

आता मालकांचं वाक्य. एका चांगल्या पॅटर्नवरून हजार साचे पडतात आणि हजार कास्टिंग निघतात, हे शिरोलीत रोज घडतं. पण त्या हजार कास्टिंगमध्ये वस्तू एकच आहे. पॅटर्नमध्ये माप चुकलं असेल, तर चूकही हजार ठिकाणी उतरते.

१९६० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या आमरीच्या कोंबाच्या अगदी टोकावरचा, विषाणू न पोचलेला कण कापून बाटलीत वाढवला. त्याचे हिरवे गोळे झाले, ते कापले की प्रत्येक तुकड्याचे पुन्हा गोळे. व्यापारासाठी ही देणगीच होती. बाजारात मिळणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम 'सोनिया' घ्या किंवा लग्नाच्या स्टेजवरची फॅलेनॉप्सिस घ्या, प्रत्येक फूल दुसऱ्यासारखं असतं ते याच पद्धतीमुळे. फुलशेती करणाऱ्याला तेच हवं असतं आणि त्यात गैर काही नाही.

जंगलाला मात्र तेच नको असतं. राधानगरीच्या एका उतारावर एकाच जातीच्या दोनशे आमरी असतील, तर त्या दोनशे वेगळ्या आहेत. एखादी उशिरा फुलते, एखादी कोरड्या वर्षात तग धरते, एखादीला विशिष्ट रोग लागत नाही. पाऊस महिनाभर पुढे सरकला, तर त्यांतल्या वीस तरी टिकतात. एकाच आईचे दोन लाख तुकडे त्या उतारावर लावले, तर टिकले तर सगळे टिकतील, गेले तर सगळे जातील. वर अनेक आमरींमध्ये एकाच रोपाच्या परागानं नीट बी धरत नाही. म्हणजे फुलांचा सडा पडेल आणि शेंग लागणार नाही.

म्हणून संवर्धनासाठी प्रयोगशाळेत बाटली तीच, अगार तोच, पण सुरुवात तुकड्यानं करायची नसते. ती बीपासून करायची. दोन वेगळ्या, लांबच्या झाडांवरच्या आमरींचे परागपुंज काडीच्या टोकानं एकमेकींवर ठेवायचे. प्रत्येक झाडावरची एखादीच शेंग घ्यायची, उरलेल्या जंगलाला सोडायच्या. कुठल्या आईची कुठली बाटली, याची नोंद ठेवायची. कष्ट जास्त, रोपं कमी. पण ती रोपं म्हणजे भावंडं असतात, छायाप्रती नसतात.

हे पुस्तकी बोलणं नाही. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात एरिक होल्टम यांनी १९२८ मध्ये नुडसनची पद्धत आणली, ती आधी संकरित फुलं काढण्यासाठी. १९९५ पासून तिथे देशी आमरींसाठी वेगळी मोहीम सुरू आहे. जंगलातून नाहीशा झालेल्या जातींचं बी बाटलीत रुजवून रोपं रस्त्याकडेच्या झाडांवर, उद्यानांत बांधली गेली. त्यात ग्रॅमॅटोफायलम ही प्रचंड आमरीही आहे. त्या झाडांत रेनट्रीही होते, आपल्याकडे रस्त्यांवर असतात तेच. इंग्लंडमध्ये 'लेडीज स्लिपर' या आमरीचं रानात एकच झाड उरलं होतं. क्यू उद्यानात १९८३ मध्ये तिच्या बियांवर काम सुरू झालं, आणि परत लावलेल्या रोपाला रानात पहिलं फूल आलं ते २००० मध्ये. मधली सतरा वर्षं मुद्दाम लक्षात ठेवावीत अशी आहेत.

आपल्या घराजवळचं उदाहरण आमरीचं नाही, कंदीलपुष्पाचं आहे. सह्याद्रीतल्या कड्यांवर वाढणाऱ्या आणि इथल्याशिवाय कुठेच न सापडणाऱ्या कंदीलपुष्पांच्या अनेक जाती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठानं आपल्या वनस्पती उद्यानात जपल्या, आणि काहींची रोपं टिश्यू कल्चरनं वाढवली. डॉ. एस. आर. यादव यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आधी कडे-कपारी पायाखाली घातल्या, कुठली जात कुठे उरली आहे ते शोधलं. बाटली त्यानंतर आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आमरींसाठी अशी पायपीट फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी केली, त्यांचा 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ १९६६ मध्ये आला. ज्ञान आहे, कौशल्य आहे, बाटल्या आहेत. जंगलात परत नेण्याचं काम उरलेलं आहे, आणि त्यासाठी रोपासोबत तिथली बुरशी हवी, परागण करणारा कीटक हवा, आणि सालीला भेगा पडलेलं जुनं झाड हवं. यातलं तिसरं कुठल्याच प्रयोगशाळेत तयार होत नाही.

गैरसमज : बी साठवायचं म्हणजे फ्रीजमध्ये टाकायचं.

ओलं बी फ्रीजमध्ये टाकलं, तर ते हळूहळू मरतं. डीप फ्रीजरमध्ये टाकलं, तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन लगेच मरतं. आधी वाळवायचं, मग थंड करायचं, हा नियम. बियाणं साठवणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा की बीतला ओलावा एक टक्क्यानं कमी केला, की आयुष्य साधारण दुप्पट होतं. तापमान पाच-सहा अंशांनी उतरवलं, तरी दुप्पट. म्हणून दोन्ही उतरवायचे.

शेंग पिवळी पडून फुटायच्या बेतात आली की कागदाच्या पाकिटात काढायची, प्लास्टिकमध्ये नाही. प्लास्टिकमध्ये घाम येतो आणि दोन दिवसांत बुरशी. बी मोकळं झालं की बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवून वाळवायचं. मोजमापाच्या उपकरणांच्या, बेअरिंगच्या खोक्यात जी पुडी निघते आणि शिरोलीत जी सर्रास केरात जाते, त्याच जातीची ही वस्तू. ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास आला की घट्ट बुचाच्या काचेच्या कुपीत बंद, वर नाव, जागा, तारीख, आणि उणे २० अंशांवर. अशा अवस्थेत बऱ्याच जातींचं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. काही जाती हट्टी असतात, साध्या फ्रीजरमध्ये लवकर खंगतात. त्यांच्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन आहे. साठवलेलं बी जिवंत आहे का, हे ठरावीक काळानं तपासावं लागतं. टेट्राझोलियम नावाच्या द्रावणात जिवंत गर्भ लाल होतो, मेलेला पांढरा राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

जगातल्या कित्येक देशांतल्या बागांनी मिळून आमरीच्या बियांच्या पेढ्यांचं जाळं उभं करायला २००७ मध्ये सुरुवात केली. यातलं सामान बघितलंत तर लक्षात येईल की ही गोष्ट मोठ्या पैशाची नाही. अंगठ्याएवढ्या कुपीत एका अख्ख्या उताराचं बी मावतं. एक फ्रीजर, वीज गेली तर जनरेटर, आणि निम्म्या कुप्या दुसऱ्या गावात. एमआयडीसीला यातलं काय अवघड आहे?

गैरसमज : प्रयोगशाळेतली आमरी नाजूक; जंगलातून आणलेली पक्की.

खिडकीतलं ते सुरकुतलेलं रोप हेच याचं उत्तर आहे. गगनबावड्यात कोल्हापूरच्या कितीतरी पट पाऊस पडतो, महिनोन् महिने धुकं असतं. तिथल्या आमरीला शिरोलीच्या उन्हात, धुळीत आणि पंख्याखाली ठेवलं, तर ती साठवलेल्या पाण्यावर एक-दोन वर्षं काढते, त्या ताणातच कदाचित फुलते, आणि जाते. रोपवाटिकेतली डेंड्रोबियम सावलीच्या जाळीखाली कुंडीतच वाढलेली असते. इथल्या उकाड्याशी तिचं जमतं. हौस असेल, तर तीच घ्यावी.

कायदाही इथे स्पष्ट आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती उचलणं, पडलेली असली तरी, गुन्हा आहे, आणि राधानगरी १९५८ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत निळी वँडा, लाल वँडा आणि लेडीज स्लिपर या आमरी नावानिशी आहेत. जगातल्या सगळ्याच आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं नियंत्रण आहे. त्यातून निर्जंतुक बाटलीतली रोपं मात्र बहुतेक जातींसाठी मुक्त ठेवलेली आहेत. जगानं बाटलीला सूट दिली ती जंगलावरचा हात निघावा म्हणून.

शिरोलीतले अनेक कारखाने दर पावसाळ्यात झाडं लावतात, सीएसआरचा निधी पर्यावरणावर खर्च करतात. माझी विनंती आहे की त्यातला एक लहानसा वाटा एका फ्रीजरला, काही हजार कुप्यांना आणि शेंगा शोधत उतार पालथे घालणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला द्यावा. विद्यापीठ हायवेच्या पलीकडेच आहे.

आणि तुम्हाला, म्हणजे शनिवारी गाडी काढून घाटात जाणाऱ्या प्रत्येकाला, एक सांगणं. या पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर तुटून पडलेल्या फांदीवर आमरी दिसली, तर ती डिकीत टाकू नका. शेजारच्याच खरखरीत सालीच्या झाडाला, पावसाचं पाणी ओघळतं त्या बाजूला, हाताच्या उंचीवर सुतळीनं घट्ट बांधा. सुतळी वर्षभरात कुजून जाते, तोवर मुळांनी साल धरलेली असते. अभयारण्याच्या हद्दीत असाल, तर हात न लावता वनरक्षकाला सांगा.